मदत हवी आहे : व्हिटॅमिन डी, मधुमेह आणि ६०० सॅम्पलवर मेंडेलियन रँडमायझेशन

गोदाकाठ_पीएसएम

नमस्कार मंडळी. पीएसएमच्या (प्रतिबंधक आणि सामाजिक वैद्यक) थिसिसची सिनॉप्सिस तयार करते आहे, क्षेत्र नाशिक जिल्हा. प्रश्न असा की व्हिटॅमिन डी कमी असल्यामुळे साखर वाढते, की लठ्ठपणा आणि घरात बसून राहणं यांमुळे दोन्ही गोष्टी एकाच माणसात दिसतात? साध्या सर्वेक्षणातून हे सुटत नाही, म्हणून मेंडेलियन रँडमायझेशन करायचं आहे, म्हणजे राहणीमानानं न बदलणाऱ्या जन्मजात जनुकीय फरकांच्या आधारे कारण शोधायचं. (पुढे एमआर लिहीन. औषध कंपन्यांचे बॅगवाले एमआर नव्हेत.)

आराखडा : ६०० प्रौढ. ४०० शहरातून, म्हणजे सिडको, सातपूर, पंचवटी. २०० पेठ आणि सुरगाणा तालुक्यांतून. रक्तातलं २५-हायड्रॉक्सी व्हिटॅमिन डी आणि एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी चाचणी) मोजायचं. चार व्हेरिअंट, म्हणजे जनुकांतले किंवा त्यांच्याजवळचे एका अक्षराचे फरक (कंसात ओळख क्रमांक) : जीसी (आरएस२२८२६७९), सीवायपी२आर१ (आरएस१०७४१६५७), डीएचसीआर७ (आरएस१२७८५८७८), सीवायपी२४ए१ (आरएस६०१३८९७).

शंका : ६०० पुरतील का? ज्यांनी व्हिटॅमिन डीचे ६० हजार युनिटचे सॅशे घेतलेत त्यांना वगळू का? बीएमआय मॉडेलमध्ये घालू का?

अपूर्णांक

पुरणार नाहीत. किती कमी पडतात ते बघा.

हे चार व्हेरिअंट मिळून व्हिटॅमिन डी मधला दोन-तीन टक्के फरक समजावतील असं धरून चालू. २ टक्के घेऊ, म्हणजे आर-वर्ग ०.०२. इन्स्ट्रुमेंटची, म्हणजे व्हिटॅमिन डीच्या जागी वापरायच्या व्हेरिअंटांची, ताकद मोजणाऱ्या एफचं सूत्र (एन म्हणजे माणसं, के म्हणजे इन्स्ट्रुमेंट किती) : (एन − के − १) ÷ के, गुणिले आर-वर्ग ÷ (१ − आर-वर्ग). एन ६००, के ४ घातलं की १४८.७५ × ०.०२०४, म्हणजे जेमतेम ३. दहाच्या खाली एफ असला की इन्स्ट्रुमेंट कमकुवत धरतात, आणि एकाच सॅम्पलमधल्या एमआरमध्ये कमकुवत इन्स्ट्रुमेंटचं उत्तर साध्या रिग्रेशनच्या उत्तराकडे ओढलं जातं. ज्या कन्फाउंडिंगपासून (लठ्ठपणासारख्या तिसऱ्या गोष्टीच्या घोळापासून) पळायचं होतं, तिथेच परत.

चौघांचा मिळून एक अ‍ॅलील स्कोअर (प्रत्येक व्हेरिअंटचं ठरावीक अ‍ॅलील, म्हणजे रूप, किती वेळा आलं त्याची वजनं लावून बेरीज) केला तर के १ होतो आणि एफ १२ च्या आसपास येतो. कागदावर पास. मात्र स्कोअरची वजनं बाहेरच्या मोठ्या अभ्यासातून घ्या. स्वतःच्याच ६०० मधून काढली तर एफ फुगतो आणि तीच ओढ मागच्या दारानं आत येते.

एफ पास झाला म्हणून पॉवर (खरा परिणाम पकडायची क्षमता) येत नाही. ढोबळ हिशेब असा : तोच परिणाम पकडायला साध्या रिग्रेशनमध्ये जितकी माणसं लागतात, त्या आकड्याला आर-वर्गानं भागा. ६०० ÷ ०.०२ = ३०,०००. उलट बाजूनं पाहिलं तर तुमचे ६०० लोक एमआरला बारा जणांइतकीच माहिती देतात. कॉन्फिडन्स इंटर्व्हल इतका रुंद येईल की फायदा, तोटा, शून्य सगळं त्यात मावेल. त्याला 'संबंध नाही' म्हणू नका. 'सांगता येत नाही' असं लिहावं लागेल.

म्हणून कारणाचा प्रश्न दोन-सॅम्पल एमआरवर टाका, म्हणजे दोन दुवे दोन वेगळ्या प्रसिद्ध अभ्यासांतून घ्या. व्हेरिअंट ते व्हिटॅमिन डी हा दुवा यूके बायोबँकवरच्या २०२० च्या जीवॅसमधून (सगळा जीनोम चाळून संबंध शोधणारा अभ्यास) घ्या. त्यात युरोपीय वंशाचे ४ लाखांवर लोक आणि १४३ लोकाय (जीनोममधल्या जागा) आहेत. व्हेरिअंट ते मधुमेह हा दुवा डायमँटे या मधुमेहाच्या जनुकीय अभ्यासगटाच्या २०२२ च्या आकडेवारीतून घ्या, त्यातला दक्षिण आशियाई गट वेगळा मिळतो. तुमच्या ६०० चं काम वेगळं आणि खरं तर जास्त मोलाचं : युरोपात चालणारं इन्स्ट्रुमेंट इथे चालतं का, आणि ते वय, व्यवसाय, शिक्षण, उन्हातले तास यांच्याशी जोडलेलं नाही ना, हे तपासायचं. पहिला दुवा ६०० मध्ये बऱ्यापैकी दिसतो. वजनं युरोपीय आणि आउटकम आपल्याकडचा असल्यामुळे 'परिणाम आहे की नाही' एवढंच बोला, 'किती' यावर जोर देऊ नका.

१४३ च्या १४३ सरसकट वापरू नका. त्यांतले कित्येक चरबीच्या चयापचयातून काम करतात, म्हणजे मधुमेहाकडे जायला त्यांना दुसरी वाट आहे. मुख्य विश्लेषण तुमच्या चार जनुकांचं ठेवा, बाकीचे संवेदनशीलता तपासायला. आणि चार व्हेरिअंटवर एमआर-एगर (अशी दुसरी वाट, म्हणजे प्लायोट्रोपी, शोधणारी पद्धत) चालवून 'प्लायोट्रोपी नाही' असं लिहू नका. चार ठिपक्यांतून काढलेल्या रेषेच्या इंटरसेप्टवर कुणी विश्वास ठेवत नाही. त्यापेक्षा दोन स्कोअर करा. डीएचसीआर७ आणि सीवायपी२आर१ हे तयार होण्याच्या बाजूचे, जीसी आणि सीवायपी२४ए१ हे वाहून नेण्याच्या आणि मोडण्याच्या बाजूचे. दोन्ही स्कोअर एकच उत्तर देत असतील तर त्यात दम आहे. जीसी हे बंधक प्रथिनाचं जनुक आहे, एकूण व्हिटॅमिन डी हललं तरी मोकळं त्याच प्रमाणात हलतंच असं नाही, हेही लिहा.

बीएमआय नको. २०१३ मध्ये याच चार जनुकांवर दोन्ही दिशांनी एमआर झालं : बीएमआय १० टक्के वाढला की व्हिटॅमिन डी सुमारे ४.२ टक्के उतरतं. उलट दिशेला म्हणण्यासारखं काही हाती लागलं नाही. कन्फाउंडिंग काढायचं काम व्हेरिअंट करतोय, बीएमआय घालून ते काम दुसऱ्यांदा करायची गरज नाही. जीवॅस निवडतानाही बीएमआयनं अ‍ॅडजस्ट न केलेली फाइल घ्या.

सॅशेवाल्यांना मुख्य विश्लेषणातून वगळू नका. सॅशे मिळतं कारण रिपोर्ट कमी आला, आणि रिपोर्ट कमी येण्यात व्हेरिअंटचा हात आहे. शिवाय तपासणी करून घेणारा माणूस मुळातच वेगळा : दवाखाना परवडणारा, बहुधा आधीच साखर तपासत असलेला. सॅशेवरून निवड केलीत की व्हेरिअंट आणि हे बाकीचं यांची तुम्हीच गाठ मारता. शेवटचं सॅशे कधी, एकूण किती, एवढं प्रश्नावलीत घ्या आणि त्यांना वगळून एक वेगळं टेबल द्या.

सह्याद्रीपल्याड

वरच्या सगळ्याला +१, पण खरा खड्डा सॅम्पल कुठून घेताय त्यात आहे.

शहर आणि पेठ-सुरगाणा एकत्र करताय. तिकडे कोकणा, महादेव कोळी, वारली. शहरात वेगवेगळ्या जाती, बहुतेक लग्नं आपापल्या जातीत. अ‍ॅलीलची फ्रीक्वेन्सी गटागणिक बदलते. डीएचसीआर७ जवळचा तुमचा व्हेरिअंट तर जगभरच्या लोकसमूहांत बराच हलतो. सुरगाण्यात दिवस शेतावर उन्हात जातो, सातपूरला शेडखाली. म्हणजे व्हेरिअंटनं काहीही न करता त्याचा व्हिटॅमिन डीशी संबंध दिसेल.

त्यावर एचबीए१सी. आदिवासी पट्ट्यात सिकलसेलचे वाहक सापडतात. वाहकांत त्याच साखरेला एचबीए१सी कमी दिसू शकतं, आणि काही मशिनांत एचबीएस (सिकलसेलचं हिमोग्लोबिन) मोजमापातच घोळ घालतं. जी६पीडी या एन्झाइमची कमतरता असली की लाल पेशी लवकर मरतात, पुन्हा एचबीए१सी खाली. लोहाच्या कमतरतेत उलट, ते वर जातं. आता जोडून बघा : एका गटात अ‍ॅलील जास्त, व्हिटॅमिन डी जास्त, एचबीए१सी खोटं कमी. 'व्हिटॅमिन डी साखर उतरवतं' असं सुंदर उत्तर तयार, आणि त्यात साखरेचा काही संबंध नाही.

उपाय : उपाशीपोटी प्लाझ्मा ग्लुकोज हा मुख्य आउटकम ठेवा. एचबीए१सी एचपीएलसीवरच (हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करणारी पद्धत) करा आणि एस विंडोतला, म्हणजे एचबीएसचा, पीक नोंदवून घ्या. हिमोग्लोबिन घ्याच. विश्लेषण शहर आणि तालुके वेगवेगळं करून मग जोडा. हार्डी-वाइनबर्गही (जीनोटाइप अपेक्षित प्रमाणात आहेत का) गटागटानं तपासा. सगळे एकत्र टाकले तर हेटेरोझायगोट (दोन वेगळी रूपं असलेले) कमी भरतील आणि तुम्ही उगाच जीनोटायपिंगला दोष द्याल.

टी_की_ए

कुणी बोललं नाही म्हणून : आरएस६०१३८९७ (सीवायपी२४ए१ वाला) हा ए/टी आहे. पॅलिंड्रोमिक. डीएनएचा धागा उलटला तरी अक्षरं तीच, त्यामुळे चूक डोळ्याला दिसत नाही. व्हिटॅमिन डी कमी करणारा अ‍ॅलील ए. लॅबनं दुसऱ्या धाग्यावर वाचून दिलं असेल तर तुमच्या स्कोअरमध्ये हा व्हेरिअंट उलट्या चिन्हानं बसेल आणि इतर तिघांची मेहनत खाईल. लॅबकडून प्रोबचा क्रम मागून घ्या, आणि फ्रीक्वेन्सी १००० जीनोम्सच्या दक्षिण आशियाई पॅनेलशी ताडा. तिथे गुजराती, तेलुगू, पंजाबी आहेत, मराठी नाहीत. पण दिशा कळायला पुरे.

जीसीवाल्याची भानगड वेगळी. त्याचा अ‍ॅलील काही पेपरांत सी लिहिलाय, काहींत जी. दोन्ही एकच, धागा वेगळा. इथे निदान चूक पकडता येते.

दोन-सॅम्पल करताना दोन फाइलींतली रूपं जुळवणाऱ्या harmonise च्या पायरीवर action ३ दिलं तर पॅलिंड्रोमिक सरळ गळतात, २ वर फ्रीक्वेन्सीवरून अंदाज बांधला जातो. एक फाइल युरोपीय आणि दुसरी दक्षिण आशियाई असताना तो अंदाज फसू शकतो. दोन्ही करून बघा. जीवॅसच्या फाइली देणाऱ्या ओपनजीवॅसला २०२४ पासून टोकन लागतं, ते आधीच काढून ठेवा.

गोदाकाठ_पीएसएम

सगळ्यांचे आभार, आराखडा पालटते. दोन गोष्टी राहिल्या. अ‍ॅरे (एकदम लाखो व्हेरिअंट वाचणारी चिप) परवडणार नाही, चारच व्हेरिअंट होतील. मग वंशगटांतला फरक पकडायचे प्रिन्सिपल कंपोनंट (पीसी) कुठून आणू? आणि रक्त नेमकं किती, कशात?

सह्याद्रीपल्याड

चार व्हेरिअंटमधून पीसी निघत नाहीत, प्रयत्नच करू नका. स्वतःची जात-जमात, आई-वडिलांची मूळ गावं आणि तालुका एवढं विचारा, गट त्यावरून करा. प्रश्न एथिक्सच्या अर्जात आधी लिहून ठेवा, नंतर घुसडता येत नाही. शिवाय कोणत्याही दोन व्यक्ती सख्ख्या नात्यातल्या नसाव्यात, एका घरातून एकच.

अपूर्णांक

जांभळ्या झाकणाची ईडीटीए, २ मिली : त्यातच एचबीए१सी, हिमोग्लोबिन आणि डीएनए. हिरवी हेपरिनची नको, हेपरिन पीसीआर अडवतं. करडी फ्लोराइडची ग्लुकोजला, साधी लाल किंवा पिवळी व्हिटॅमिन डीला. सुरगाण्याहून नाशिकला पोचेपर्यंत बर्फाचा डबा लागेलच; सीरम तिथेच सेंट्रिफ्यूज करून वेगळं करता आलं तर उत्तम.

व्हिटॅमिन डी सगळ्यांचं एकाच पद्धतीनं, एकाच लॅबमध्ये. रिपोर्ट नॅनोग्रॅम प्रति मिलीत येईल. नॅनोमोलमध्ये नेताना २.५ नं गुणा, जीवॅसशी जोडताना त्याचं एकक पुन्हा बघा. शहराचे नमुने एका प्लेटवर आणि तालुक्यांचे दुसऱ्या, असं होऊ देऊ नका, मिसळा. पाच टक्के नमुने नाव न सांगता दुबार पाठवा. आणि रक्त घेतल्याचा महिना लिहा. शहर मे मध्ये आणि सुरगाणा ऑगस्टमध्ये उरकलात तर कुठलंच मॉडेल तुम्हाला वाचवणार नाही.