स्वतःशी मैत्री: रोजचा सराव नेमका कसा करता? (अनुभव धागा)

स्वतःवर प्रेम करा, असं सगळेच सांगतात. पण सकाळी उठून करायचं काय, हे विचारलं की गप्प होतात. म्हणून नियमित सराव असणाऱ्यांना मुद्दाम बोलावलं आहे. कहाणी बाजूला ठेवा, कृती लिहा: किती वेळ, कुठे बसून, कुठे अडतं आणि का. वन रूम किचनमध्ये, माणसांच्या गराड्यात जमेल असंच सांगा.

पागोळी
मैत्री भावनेपासून, म्हणजे मनात सदिच्छेची वाक्यं म्हणायच्या ध्यानापासून, सुरुवात करते. बौद्ध परंपरेतला क्रम असा: आधी स्वतः, मग जिवलग, मग ज्याच्याबद्दल ना राग ना लोभ असा माणूस (कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला धरा), मग ज्याच्याशी बिनसलंय तो, शेवटी सगळे जीव. पण जो स्वतःचाच राग राग करतो, त्याला पहिलीच पायरी सगळ्यात अवघड जाते. तिथे क्रम बदला. शेजारचं तान्हं बाळ, पायाशी घोटाळणारं मांजर, असं कुणीतरी डोळ्यांपुढे आणा ज्याच्यासाठी माया आपोआप दाटते. पाच मिनिटं त्याच्यासाठी म्हणा: सुखरूप राहा, शांत राहा. छातीत ऊब जाणवली की त्याच्या शेजारी स्वतःला बसवा: आपण दोघं सुखरूप राहू या. एकट्या स्वतःकडे नंतर वळा, दोन-तीन आठवड्यांनी वळलात तरी चालेल.

एका उच्छ्वासाला एकच वाक्य. पोपटपंची सुरू झाली तर वाक्यं कमी करा, वेळ वाढवू नका. काहीच जाणवलं नाही म्हणून दिवस फुकट गेला असं नाही. सराव सदिच्छेचा आहे, भावना तिच्या सवडीने येते.

गिरगावकर
पागोळीताईंच्या पद्धतीला वहीची जोड द्या. वाक्यं कोरडी वाटतात, कारण दिवसभर आतून वेगळंच काही चालू असतं आणि ते आपल्याला ऐकूही येत नाही. पानावर मधोमध रेघ मारा. डावीकडे आतला आवाज जसाच्या तसा, शिवीसकट: ‘सुटली ना गाडी! बावळट. कधी वेळेवर निघणार?’ उजवीकडे, हीच गाडी भाचीची सुटली असती तर तिला काय म्हणाला असता: ‘असू दे गं, पुढची येईल. घाम पूस आधी.’ मग उजवीकडचं हलक्या आवाजात स्वतःला वाचून दाखवा. शब्दांपेक्षा सूर महत्त्वाचा.

दिवसाला तीन नोंदी पुरेत. नेहमीची चूक म्हणजे उजवीकडे ‘मी यशस्वी आहे, मी सुंदर आहे’ असं लिहिणं. मनाला खोटं लगेच कळतं आणि ते दुप्पट जोराने उलटतं. खरं आणि मायेचं, दोन्ही हवं.

माहीमचा वारा
मनातल्या जुन्या दुखण्यासाठी वेगळं लेखन. जेम्स पेनबेकर या मानसशास्त्रज्ञाने १९८० च्या दशकात ज्याचा अभ्यास सुरू केला ते: सलग तीन-चार दिवस, रोज १५ ते २० मिनिटं, त्या दुखण्याबद्दलच, न थांबता, शुद्धलेखन न बघता. लिहून उठल्यावर काही वेळ मन जड होतं, म्हणून झोपायच्या आधी लिहू नका. लिहिणं झेपत नसेल तर विषय तिथेच सोडा.

संध्यावात
सगळ्यात जास्त माणसं जिथे सोडून देतात, ती जागा सांगते. माया मिळायला लागली की आधी रडू फुटतं, राग येतो, ‘मी याच्या लायक नाही’ असं वाटतं. बंद खोलीत धुमसणाऱ्या आगीचं दार उघडलं की हवा आत शिरते आणि भडका उडतो, तसं. क्रिस्टिन नेफ आणि ख्रिस्तोफर गर्मर हे मानसशास्त्रज्ञ स्वतःवरच्या मायेच्या त्यांच्या आठ आठवड्यांच्या अभ्यासक्रमात हे आधीच समजावून सांगतात. आपला सराव बिघडला असं समजून लोक जोर वाढवतात. करायचं नेमकं उलटं. डोळे उघडा. तळपायाला फरशीचा गारवा लागतोय का, पाहा. चार भांडी घासा, पाण्याकडे लक्ष देऊन. उद्या पाचच मिनिटं बसा.

झोप उडाली, जुने प्रसंग पुन्हा पुन्हा अंगावर येऊ लागले किंवा जीव नकोसा वाटला, तर ध्यान थांबवून माणूस गाठा. टेली-मानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, १४४१६, मोफत, मराठीतही बोलता येतं. मुंबईत केईएम, नायर, सायन, तिन्ही रुग्णालयांत मानसोपचार विभाग आहे.

गोराईपल्याड
वरच्याशी पूर्ण सहमत. दहा दिवसांच्या विपश्यना शिबिरातही आधी आनापान (श्वासाकडे लक्ष), चौथ्या दिवशी विपश्यना (अंगावरच्या संवेदना पाहणं), आणि मंगल मैत्री, म्हणजे मैत्री भावनाच, थेट दहाव्या दिवशी. मन जरा निवळल्याशिवाय मैत्री टिकत नाही. मानसिक आजारावर औषधं चालू असतील तर अर्जात खरं लिहा, लपवू नका. गोराईच्या विपश्यना पॅगोडात एका दिवसाची शिबिरं होतात, पण ती दहा दिवसांचं शिबिर पूर्ण केलेल्यांसाठीच.

एकांत हवा असेल तर बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातली कान्हेरी लेणी, सोमवार सोडून. भिक्षूंच्या खोल्यांत दगडी बाक आहेत, बाहेर पाण्याच्या पोढी (खडकात कोरलेली टाकी). सकाळी लवकर जा, सहलीची गर्दी व्हायच्या आत.

लालबागची
नामस्मरण चालतं का, असं कुणी विचारेलच. चालतं. फक्त १०८ चा हिशेब पुरा करायची घाई झाली, की जप दुखण्यावरचं झाकण होतो. माळ अर्धी राहू द्या.

पागोळी
वही घरात कुणी वाचेल, ही भीती असेल तर मन मोकळं होत नाही. पाठकोऱ्या कागदांवर शाईच्या पेनाने लिहा आणि झालं की बादलीत भिजवा. दहा मिनिटांत अक्षरं फुटतात, मग लगदा पिळून ओल्या कचऱ्यात.