सीएनजी किट उतरवून विकलेली गाडी : डीलरनं सांगायला हवं होतं की नाही?

वाईकर : मेहुण्याने साताऱ्यातल्या एका डीलरकडून जुनी पेट्रोल हॅचबॅक घेतली. आरसीवर (नोंदणी पत्रावर) पेट्रोल, डीलरची हमी 'कंपनी कंडिशन', म्हणजे कंपनीतून आली तशी, काही बदल न केलेली. खंबाटकी घाट चढताना गाडी मिसिंग करू लागली, म्हणजे इंजिन अडखळू लागलं, म्हणून गॅरेजला नेली. मेस्त्रीने डिकीतलं कार्पेट उचललं तर सिलिंडरच्या स्टँडची भोकं सीलंटने बुजवलेली आणि मॅनिफोल्डवर (इंजिनात हवा नेणाऱ्या नळीवर) गॅसच्या नोझलच्या जागी एम-सील थापलेलं. म्हणजे बाहेरून बसवलेलं सीएनजी किट विकण्याआधी उतरवलंय. डीलर म्हणतो, "किट गाडीत नाहीच, तर सांगायचं काय?" मी याला फसवणूकच म्हणतो.

शेरीवाला : फसवणूक कसली? जुनी गाडी घेताना मेस्त्री सोबत न्यायचा असतो, हे शेंबड्या पोरालाही कळतं. किट निघालं, गाडी आरसीशी जुळली. कायद्याने आता ती उलट नीट आहे!

कऱ्हाडचा मेस्त्री : शेरीवाले, आरसी जुळली म्हणून इंजिन नीट होत नाही. पेट्रोलसाठी बनवलेल्या इंजिनात सीएनजी कोरडा जळतो, व्हॉल्व्ह सीट, म्हणजे व्हॉल्व्ह जिथे बसून बंद होतात त्या कडा, झिजतात. किट उतरवलं म्हणून झिजलेली सीट काय भरून येत नाही. त्यात एम-सील सुटून तिथून हवा ओढत असेल तर हवा-पेट्रोलचं मिश्रण पातळ होतं, चढाला मिसिंग येणारच. वाईकर, आधी कॉम्प्रेशन टेस्ट (सिलिंडरमधला दाब तपासणं) करा. सीट गेल्या असतील तर हेड (इंजिनाचा वरचा भाग) उतरवावं लागेल, आणि ते काम स्वस्तातलं नाही.

शेरीवाला : बरं, पण किट डीलरनेच उतरवलं कशावरून? आधीच्या मालकाचा उद्योग असेल. डीलरने काय प्रत्येक गाडीचं कार्पेट उचलत बसायचं?

सांगलीकर वकील : हो, बसायचं. तोच त्याचा धंदा आहे, मेहुण्याचा नाही. आणि मुद्दा किट कुणी उतरवलं हा नाहीच. 'कंपनी कंडिशन' म्हणून गाडी विकली आणि ती तशी नव्हती, तर ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे ती अनुचित व्यापारी प्रथा ठरू शकते. राहत्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही. किट आरसीवर चढवलेलं नव्हतं, म्हणजे मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चीही पायमल्ली, पण ती आधीच्या मालकाची. डीलरकडे जुन्या गाड्या विकण्यासाठीचं आरटीओचं अधिकारपत्र आहे का तेही विचारा, १ एप्रिल २०२३ पासून ते लागतं.

शेरीवाला : वकीलसाहेब, कायदा ठीक, पण आयोगात तारखा पडत राहणार आणि गाडी दारात उभी. त्यापेक्षा डीलरला गाठून हेडचा खर्च निम्मा-निम्मा करा. आणि 'कंपनी कंडिशन' तोंडी म्हणाला असेल तर तो उद्या कानावर हात ठेवेल. लेखी आहे का काही?

वाईकर : जाहिरातीतच आहे, 'सिंगल ओनर, कंपनी कंडिशन'. स्क्रीनशॉट मेहुण्याच्या मोबाईलमध्ये आहे.

शेरीवाला : मग निम्मा कशाला, पूर्ण खर्च मागा. तरी कार्पेट उचलायला हवं होतं, हे मी म्हणणारच.