हँडलबारवर जागाच उरली नाहीये, लाईट लावू कुठे?

नमस्कार मंडळी, जरा मदत हवीये. पावसाळा संपला की ३०० किमीची बीआरएम (ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची सायकल राईड) करायचीये, वेळ २० तास, म्हणजे माझ्या स्पीडला अख्खी रात्र सायकलवरच जाणार. त्यासाठी सगळं सामान पुढे चढवायला घेतलं आणि हँडलबारचा पार मुंबई लोकलचा डबा झालाय.

सायकल हायब्रिड, फ्लॅट बारवाली. लांबून बघितलं तर बार चांगला रुंद वाटतो, पण दोन्ही टोकांना ग्रिप, मग ब्रेक लिव्हर, त्याला खेटून शिफ्टर, एवढं झालं की स्टेमच्या (बारला मधोमध धरणारा तुकडा) दोन्ही बाजूंना जेमतेम चार-चार बोटं उरतात. त्यात बार मधे ३१.८ मिमी आणि ग्रिपपाशी २२.२, मधला तुकडा निमुळता, तिथे क्लॅम्प कितीही आवळा, एक खड्डा आला की लाईट खाली मान घालतो.

आत्ता डावीकडे घंटी, स्टेमवर जीपीएस, उजवीकडे लाईट आणि या सगळ्याच्या पुढे पट्ट्यांनी बांधलेली बॅग. बॅगेत चिक्की, राजगिऱ्याचे लाडू, ओआरएस, पॉवरबँक, ब्रेवे कार्ड (वाटेतल्या चेकपॉईंटची नोंद करायचं). बॅग काढ असं प्लीज सांगू नका, न थांबता खाता यावं म्हणून तर ती घेतलीये. मोबाईल खिशातच असतो, त्याचा प्रश्न नाही.

खरा घोळ असा की लाईट बॅगेच्या मागे पडतो, अर्धा झोत बॅगेवरच, रस्त्यावर नेमकी चाकापुढे काळी सावली आणि वरून बॅगेची चकाकी डोळ्यात. पसरणी घाट अंधारात उतरायचा तर हे चालणार नाही. शिवाय बॅग घट्ट बांधली की केबल दाबल्या जातात आणि मागचे गिअर नीट पडत नाहीत, सैल सोडली की बॅग टायरवर टेकायला बघते.

एक्स्टेंडर (तो छोटा आडवा दांडा) मित्राकडचा लावून बघितला, प्लास्टिकचा आहे, जड लाईटने सारखा डुलतो. हेल्मेटवरचा लाईट जोडीला ठीक, पण बीआरएमला लाईट सायकलला पक्का लावलेला लागतो, आणि रात्रभर मानेवर ते वजन नकोच. आता फोर्क क्राऊनचा (पुढच्या चाकाच्या वर, फोर्कचे दोन्ही पाय जुळतात ती जागा) विचार चाललाय, डिस्क ब्रेक असल्यामुळे तिथलं भोक मोकळं आहे. कोणी वापरलंय का? टायरची सावली पडते का?

प्रतिसाद १
क्राऊनवरच लावा. लाईट खाली आला की खड्ड्यांच्या सावल्या लांब पडतात, खोली लांबूनच कळते, वरून मारलेल्या झोतात सगळा रस्ता सपाट दिसतो. टायरची सावली अगदी जवळ पडते, नजर तिथे नसतेच. फक्त लाईट उलटा टांगू नका, कट-ऑफवाला (झोत वरून कापलेला) असेल तर सगळा झोत समोरच्या ड्रायव्हरच्या डोळ्यात जाईल आणि चार्जिंगचं तोंड वर आलं तर पावसाचं पाणी आत.

प्रतिसाद २
बॅग आणि बारच्या मधे फोमचे जाड ठोकळे घाला, बॅग बोटभर पुढे सरकते, केबल मोकळ्या. निमुळत्या जागी क्लॅम्पखाली जुन्या ट्यूबची पट्टी गुंडाळा, फिरायचं थांबेल. आणि घंटी स्टेमखालच्या स्पेसरच्या (कड्यांच्या) जागी बसणारी मिळते, ती घेतली तर डावी बाजू पूर्ण रिकामी.

धागाकर्ता
दोघांचेही आभार, घंटीचं तर डोक्यातच आलं नव्हतं. क्राऊनच्या भोकात मडगार्डचा बोल्ट आहे हे आत्ता खाली वाकून बघितल्यावर दिसलं. म्हणजे मडगार्ड आणि लाईटची पट्टी दोन्ही धरेल असा लांब बोल्ट लागणार, बहुतेक ६ मिमीचा, नायलॉक (हादऱ्याने सैल न होणाऱ्या) नटसकट. पुण्यात बोहरी आळीत स्टेनलेसमधे सुटा एक देतात का कोणी, की पाकीटच घ्यावं लागतं?