मित्रावर ब्लेड वाकवल्याचा आळ: लेकरांनी स्वतः तपास करावा का?

गोदाकाठ_नांदेड
आपल्याकडं बर्फ नाही. संभाजीनगर, लातूर, नांदेडची लेकरं सिमेंटच्या रिंकवर इनलाइन (एका ओळीत चाकं असलेलं) स्केटिंग शिकतात आणि बर्फासाठी पार डेहराडूनच्या हिमाद्री रिंकपर्यंत जातात. समजा, तिथं शॉर्ट ट्रॅकच्या (बर्फावरच्या छोट्या ट्रॅकवरच्या) शर्यतीआधी एकाच्या स्केटचं ब्लेड वाकलेलं निघालं आणि आळ आला आपल्या पोरावर, कारण खोलीत शेवटी तोच दिसला. त्याच्या पंधरा-सोळा वर्षांच्या मित्रांनी शोध घ्यावा का? माझं मत: घ्यावाच, आणि त्याच संध्याकाळी. रात्री धार लावली की कडेवरची खाच घासून जाते. बेंडरमध्ये (ब्लेडला वाक द्यायच्या यंत्रात) घालून ब्लेड नीट केलं की वाकाचाही मागमूस राहत नाही. मोठ्यांची बैठक बसेपर्यंत पुरावाच संपतो.

वैजापूरकर
साफ विरोध. आरोप ज्याच्यावर, त्याच्याच मित्रांनी ब्लेडला हात लावला तर त्यांचं मोजमाप कोण मानणार? आणि कुणी वाकवलंय हे तरी कशावरून? हे ब्लेड मुळातच डावीकडं किंचित वाकवलेलं असतं, कारण १११.१२ मीटरच्या ट्रॅकवर सगळी वळणं डावीच. पडून कडेच्या पॅडवर आपटलं, रिलेत दुसऱ्याच्या ब्लेडला लागलं, तरी वाक बदलतो. इनलाइनचं ढिलं चाक हाताला लगेच कळतं, हा फरक डोळ्याला दिसतसुद्धा नाही.

गोदाकाठ_नांदेड
हात लावा असं मी म्हटलंच नाही. ज्याचं ब्लेड, त्याच्या कोचनं रेफरीसमोर डायल गेज (वाक मोजायचं यंत्र) लावावं. टाचेपासून पुढं दर दोन सेंटीमीटरला आकडा लिहावा, आधीची नोंद असेल तर शेजारी ठेवावी. आकडा एकाच जागी उडी मारत असेल तर आधी धक्क्याचा संशय घ्यावा. बेंडरचा वाक सहसा पसरट येतो.

लेकरांचं काम वेगळं, वेळ बांधायचं. सरावाचे व्हिडिओ पालकांच्या मोबाइलमध्ये असतातच. ज्या फेरीत वळणावर ब्लेडवाल्या पोराचा पाय सरकत नाही, तोवर ब्लेड ठीक होतं असं धरा. तिथून तक्रारीपर्यंतचा वेळ कागदावर मांडा: स्केट कुठं होते, खोलीला कुलूप होतं का, किल्ली कुणाकडं होती. त्यातला बराच वेळ आपला पोरगा बर्फावर होता, हे व्हिडिओत दिसलं तर आरोपाचा जोर तिथंच निम्मा होतो.

उदगीरची_ताई
वेळ बांधता बांधता हीच पोरं दुसऱ्याचं नाव घेणार आणि रात्रीतून ते व्हॉट्सॲपवर फिरणार. मंग त्या लेकरानं काय करायचं? आपल्या मित्राचा आळ काढायचा तर तेवढाच काढा.

वैजापूरकर
ताईंशी सहमत. २०११ मध्ये वॉर्सातल्या जागतिक सांघिक स्पर्धेत अमेरिकेच्या सायमन चोनं कॅनडाच्या ऑलिव्हिए जाँचं ब्लेड वाकवलं. कोचनं सांगितलं म्हणून केलं, असं तो म्हणाला. कोचनं ते नाकारलं. कबुली आली २०१२ मध्ये, अमेरिकेच्याच खेळाडूंनी कोचविरुद्ध तक्रार केल्यावर, आणि चोवर दोन वर्षांची बंदी आली. म्हणजे गोष्ट उघडी पडली ती आतली माणसं बोलली म्हणून. पोरांच्या गुप्तहेरगिरीनं आतली माणसं आणखी गप्प बसतात.

गोदाकाठ_नांदेड
ती बोलेपर्यंत दीड वर्ष गेलं. तेवढे दिवस आपल्या पोरानं चोर म्हणून फिरायचं का? ताईंची अट मान्य: कागदावर दुसऱ्या कुणाचं नाव नको, फक्त वेळा. तो कागद पालकांच्या सहीनं मॅनेजरकडं द्या आणि पोच घ्या. व्हिडिओ मूळ मोबाइलमध्येच दाखवा. व्हॉट्सॲपवरून पाठवलेल्या व्हिडिओत चित्रीकरणाची मूळ वेळ सहसा टिकत नाही.