शिक्षकाचं मूल्यमापन मुलांच्या प्रगतीवरून का होऊ नये?

फळ्यापलीकडे

शिक्षकाचं वर्षाचं मूल्यमापन दोन गोष्टींवर व्हावं असं माझं मत आहे. एक, तो वर्गात काय आणि कसं करतो. दोन, त्याच्याकडे आलेली मुलं जून ते एप्रिल किती पुढे सरकली.

आज यातलं काही बघितलं जात नाही. गोपनीय अहवालाची गंमत इथल्या बहुतेकांना ठाऊक आहे. स्वयंमूल्यमापन आपणच भरायचं, भाषा गेल्या वर्षीचीच, खाली मुख्याध्यापकांची सही, शेरा 'अ'. मुख्याध्यापकांशी बिनसलं असेल तर 'ब'. मग १२ वर्षांनी वरिष्ठ वेतनश्रेणी, २४ वर्षांनी निवडश्रेणी. अहवाल अगदीच वाईट नसले आणि प्रशिक्षण उरकलं की झालं. मन लावून शिकवणारा आणि वर्गात बसून व्हॉट्सॅप चाळणारा, दोघं एकाच तारखेला एकाच पायरीवर.

२०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात शिक्षकांसाठी व्यावसायिक मानकं आणायचं ठरलं. कल्पना चांगली आहे: नवख्याकडून अपेक्षा वेगळ्या, मुरलेल्याकडून वेगळ्या. पण नुसती मानकं म्हणजे पुन्हा एक फॉर्म. त्याला मुलांच्या प्रगतीची जोड हवी.

समजा तिसरीचा वर्ग आहे, पट २२. वर्षाच्या सुरुवातीच्या पायाभूत चाचणीत दिसलं की सात जण जोडाक्षरांना अडतात आणि नऊ जणांना हातच्याची वजाबाकी येत नाही. बाईंनी आणि मुख्याध्यापकांनी बसून लिहून ठेवायचं की दिवाळीपर्यंत हे सात जण सोपा उतारा वाचतील, एप्रिलपर्यंत दुसरीच्या पातळीची गोष्ट. जे आधीच वाचतात त्यांच्यासाठी वेगळं उद्दिष्ट. वर्षाअखेरीस बघायचं ते कापलेलं अंतर, गुण नव्हेत. म्हणजे कुणाच्या वर्गात डॉक्टरांची मुलं आणि कुणाच्या वर्गात वीटभट्टीवरची, हा फरक मध्ये येत नाही.

यात शिक्षकावर अन्याय कुठे होतो ते सांगा.

---

खडूची भुकटी

सांगते. बीड जिल्ह्यात शिकवते.

फरक मध्ये येत नाही म्हणता. आमच्याकडे दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीच्या टोळ्या उठतात. साखर कारखान्याची उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, घेतलेली असते, त्यामुळे थांबणं कुणाच्या हातात नसतं. कोयता, भांडीकुंडी, शेळी आणि दोन पोरं ट्रॅक्टरवर चढतात, थेट कोल्हापूर-सांगलीकडे नाहीतर कर्नाटकात. आजी घरी असेल तर एखादं पोर मागे राहतं. हंगामी वसतिगृह आहे, पण आठ वर्षांच्या मुलीला आई तिथे ठेवायला धजत नाही, आणि मी आई असते तर मीही धजले नसते. गेलेली मुलं उगवतात मार्च-एप्रिलमध्ये, तुमच्या अंतिम चाचणीच्या तोंडावर.

आता तुमच्या तक्त्यात त्यांचं कापलेलं अंतर किती लिहू? जूनमध्ये वाचत होती तेही विसरून आलेली असतात. उणे लिहू?

शिवाय उरलेल्या वेळाचा हिशोब. शिक्षण हक्क कायद्याचं कलम २७ म्हणतं की जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका सोडून दुसरं अशैक्षणिक काम शिक्षकाला द्यायचं नाही. पण निवडणुकीचं काम म्हणजे मतदानाचा एक दिवस नसतो. बीएलओ, म्हणजे मतदान केंद्राची मतदारयादी सांभाळणारे, झालात की वर्षभर याद्या. त्यात यू-डायसवर शाळेची माहिती भरणं, पोषण आहाराची रोजची नोंद, आणि ग्रुपवर दर दोन तासांनी 'ही लिंक तात्काळ भरावी'. मुलं सरकली नाहीत याचा जाब मला विचारा, जरूर विचारा, पण मला वर्गात किती दिवस राहू दिलंत तोही रकाना त्याच कागदावर हवा.

---

शेरेबुक

केंद्रप्रमुख म्हणून, म्हणजे आसपासच्या काही शाळांचं एक केंद्र सांभाळून, निवृत्त झालो. बाईंचं सगळं खरं आहे. मी वेगळ्या बाजूने विरोध करतो.

हा प्रयोग आपल्याकडे होऊन गेलाय. २०१५ साली 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' आलं. त्यातली पायाभूत चाचणीची कल्पना उत्तम होती, मूल नेमकं कुठे अडलंय ते पहिल्यांदाच वर्गावर दिसायला लागलं. पुढे वरून विचारणा सुरू झाली की तुमच्या केंद्रातल्या किती शाळा 'प्रगत', म्हणजे ठरलेले निकष गाठलेल्या? मग शाळा भराभर प्रगत व्हायला लागल्या. शेजारचं केंद्र शंभर टक्के झालं म्हटल्यावर आपलं मागे कसं राहणार? मी आकडे गोळा करायचो, मला कळायचं कुठे पाणी मुरतंय. कुणी विचारलं नाही, मीही बोललो नाही.

त्यावर कळस २३ ऑक्टोबर २०१७चा शासन निर्णय. वरिष्ठ आणि निवडश्रेणी हवी तर प्राथमिक शाळा प्रगत आणि शाळासिद्धी या शाळांच्या मूल्यांकनात 'अ' श्रेणीत हवी, माध्यमिकला नववी-दहावीचा निकाल ८० टक्क्यांच्या वर. पगारवाढ एकाची, अट सगळ्या शाळेच्या निकालाची! संघटना उठल्या, २०१९मध्ये ती अट वगळावी लागली.

दुखणं असं आहे की चाचणी तोच घेतो, पेपर तोच तपासतो, गुण तोच पोर्टलवर चढवतो. नियतकालिक मूल्यांकन चाचणीचे पेपर पुण्याहून छापून येतात खरे, तपासतो कोण? पैलवानानेच स्वतःची कुस्ती निकाली जाहीर करायची, असला फड आहे हा.

---

आकडेमोड

दादा, मग तपासणारा बाहेरचा आणा. मोजमापच नको हा निष्कर्ष कसा निघतो?

आपल्या शेजारी आंध्रात हे करून बघितलंय, सरकारी ग्रामीण प्राथमिक शाळांतच. कार्तिक मुरलीधरन आणि वेंकटेश सुंदररामन यांचा अभ्यास, २०११ साली प्रसिद्ध झाला. चाचणी शाळेबाहेरच्या लोकांनी घेतली. मुलांच्या सरासरी गुणांतली वाढ ५ टक्क्यांच्या पुढे गेली की प्रत्येक टक्क्याला शिक्षकाला ५०० रुपये. बोनस सरासरीने वर्षाच्या पगाराच्या ३ टक्के, म्हणजे फार नाहीच. दोन वर्षांनी बोनसवाल्या शाळांतली मुलं गणितात आणि भाषेत इतर शाळांच्या स्पष्ट पुढे. ज्या विषयांना बोनस नव्हता त्या विज्ञान-समाजशास्त्रातही पुढे. म्हणजे नुसतं घोकून घेतलं असं म्हणता येत नाही.

मला त्यात सगळ्यात आवडलेली गोष्ट ही की शिक्षकांची हजेरी वाढलीच नाही. जे शाळेत होते त्यांनीच जास्त शिकवलं, शाळा सुटल्यावर जादा वर्ग घेतले.

---

दप्तराचं ओझं

मी पालक. तुमच्या श्रेण्या तुम्ही बघा. माझ्या मुलीला पाचवीत भागाकार येत नव्हता आणि प्रगतिपुस्तकात दोन वर्षं 'अ-२' होतं. शाळेत विचारलं तर "घरी सराव घ्या". जे काही मोजाल ते मला दाखवा, तेवढंच म्हणणं आहे.

---

खडूची भुकटी

@आकडेमोड, आंध्र सांगितलंत तर कीनियाही सांगा. तिथे शिक्षकांना निकालावर बक्षिसं ठेवली. ज्या परीक्षेवर बक्षीस होतं तिचे गुण वाढले, कार्यक्रम संपला आणि वाढ विरली. परीक्षेची तयारी करून घेतली होती, बाकी शिकवणं होतं तसंच. अमेरिकेत अटलांटात तर शिक्षकांनी आणि मुख्याध्यापकांनी मुलांच्या उत्तरपत्रिकाच खोडून दुरुस्त केल्या, २०१५मध्ये ११ जण दोषी ठरले. ते सगळे जन्मजात लबाड होते का?

आणि सरासरीचं काय? द्विशिक्षकी शाळेत माझ्या वाट्याला चौथीत सहा मुलं. एकाला चाचणीच्या दिवशी ताप आला की वर्गाची सरासरी कोसळली. पुढच्या वर्षी एक हुशार पोरगी गावात राहायला आली की मी आदर्श शिक्षिका.

---

फळ्यापलीकडे

बाई, सहा मुलांवर सरासरी काढूच नये, मान्य. म्हणून तर मी मुलागणिक उद्दिष्ट म्हणतोय. स्थलांतरित मूल जितके दिवस वर्गात होतं तितक्याच दिवसांचं उद्दिष्ट. जाताना कुठवर आलं, परतल्यावर कुठे आहे, दोन्ही नोंदवा. उलट अशी नोंद असेल तर 'माझं मूल नोव्हेंबरपर्यंत वाचत होतं, साखर हंगामाने ते पुसलं' हे तुम्ही कागदावर दाखवू शकाल. आज ते नापास-पासच्या ढिगाऱ्यात दिसतच नाही.

आणि मी पैसे हा शब्द कुठेही काढलेला नाही. पहिली काही वर्षं पगार, बदली, श्रेणी यांतलं काहीही याला जोडू नये. आकडा फुगवायचं कारणच उरणार नाही.

---

शेरेबुक

आज जोडणार नाही, उद्या जोडणार. २०१५ची चाचणीसुद्धा मूल कुठे अडलंय एवढं शोधायलाच होती. दोन वर्षांत ती पगारापाशी पोचली.

जाता जाता, हे काही नवं खूळ नाही. इंग्लंडात १८६२ साली हाच नियम केला होता: इन्स्पेक्टर येणार, वाचन-लेखन-हिशोब तपासणार, पास मुलांच्या संख्येवर शाळेला अनुदान. आपल्या मुंबई इलाख्यातही निकालावर अनुदान होतं. इन्स्पेक्टर यायच्या दिवशी पोरं पुस्तक न उघडता धडा 'वाचून' दाखवायची म्हणतात. तीसेक वर्षांत तिकडे गुंडाळलं.

---

आकडेमोड

मग तुमचा पर्याय काय? गोपनीय अहवाल चालू ठेवायचा?

---

शेरेबुक

नाही. वर्गात बसायचं. मुख्याध्यापकाने, केंद्रप्रमुखाने, शेजारच्या शाळेतल्या जाणत्या शिक्षकाने. सबंध तास, मागच्या बाकावर. भिंतीवरचे तक्ते बघून शेरेबुकात 'समाधानकारक' लिहून चहा पिऊन जायचं नाही. कुठल्या मुलाला प्रश्न विचारला, कोण तासभर बोललंच नाही, चुकीच्या उत्तराचं बाईंनी काय केलं, हे टिपायचं आणि त्याच दिवशी समोर बसून बोलायचं.

---

खडूची भुकटी

हे मला चालेल. माझ्या वर्गात सबंध तास कुणी अधिकारी बसल्याचं मला आठवत नाही.

पण दादा, आमच्याकडे एकेका केंद्रप्रमुखाकडे दोन-दोन केंद्रांचा कार्यभार आहे, कितीतरी पदं रिकामी. मुख्याध्यापक स्वतः दोन वर्ग सांभाळतात. बसायला येणार कोण?

---

फळ्यापलीकडे

पदं भरेपर्यंत सहा महिन्यांतून एक तास शेजारच्या शाळेतला शिक्षक येऊन बसू शकतो. केंद्रातले शिक्षक एकत्र जमतात त्या शिक्षण परिषदेच्या दिवशी ठरवता येईल, नाहीतरी तिथे अर्धा दिवस परिपत्रकं वाचण्यात जातो. आणि येताना त्याने दोन मुलांचं वाचन ऐकून जावं, उद्दिष्टाच्या कागदावर सही करून. बाहेरचा तपासणारा हवा होता ना, हा घ्या.

---

खडूची भुकटी

त्या तासाला त्याच्या वर्गावर कोण? त्याचीही शाळा द्विशिक्षकीच आहे.