सर्दीच्या गोळीवर तापाची गोळी चालेल का?

प्रश्न: रक्तदाबाचा त्रास असलेल्या माझ्या वडिलांनी सकाळी दुकानातून आणलेली सर्दीची गोळी घेतली. आता अंग तापल्याने ते पॅरासिटामॉल मागत आहेत. द्यावे का?

उत्तर १: आधी पाकिटाची मागची बाजू वाचावी. अशा बहुतेक गोळ्यांत पॅरासिटामॉल, बहुधा ५०० मिलिग्रॅम, असतेच. शिवाय शिंका थांबवणारे पण झोप आणणारे क्लोरफेनिरामिन आणि रक्तवाहिन्या आकुंचित करणारे फिनाइलेफ्रिन असते. सर्दीची आणि तापाची अशा दोन्ही गोळ्यांतले पॅरासिटामॉल मिळून दिवसाला ४ ग्रॅमपेक्षा जास्त झाल्यास यकृताला इजा होऊ शकते.

उत्तर २: मला जास्त काळजी फिनाइलेफ्रिनची वाटते. त्याने रक्तदाब वाढू शकतो. आणि तोंडावाटे घेतल्यास ते चोंदलेल्या नाकावर परिणामकारक नाही, असे मत अमेरिकी औषध प्रशासनाच्या सल्लागार समितीने २०२३ मध्ये दिले.

प्रश्नकर्ता: पाकिटावर तिन्ही नावे सापडली. गोळी बंद केली. डॉक्टरांना फोन लावतो.