पैसे मध्ये आले तेव्हा (अनुभव धागा)

शेजारची मुलगी सातवीत गणितात अडकली, तेव्हा तिची आई तिला माझ्याकडे घेऊन आली. "जरा बघता का?" जरा म्हणता म्हणता दीड वर्ष झालं. मुलगी यायची तीच केस पिंजारलेली, एका पायात तिची चप्पल, दुसऱ्यात भावाची. जमिनीवर पालथी पडून अपूर्णांक सोडवायची, मधेच आमच्या मांजराला उत्तर विचारायची. मी कपड्यांच्या घड्या घालत तिच्या चुका काढायचे.

एका संध्याकाळी तिच्या आईने पाकीट पुढे केलं. "नाही म्हणू नका, आम्हालाच बरं वाटेल." मी रीतीप्रमाणे तीनदा नाही म्हटलं आणि चौथ्यांदा घेतलं.

दुसऱ्या दिवसापासून मुलगी वेळेवर, वेणी घालून, खुर्चीत. मी घड्याळाकडे बघायला लागले. आठवड्याभरात मेसेज आला, "काल पाच मिनिटं आधी सोडलंत वाटतं?" आधी मार्क कमी पडले की आम्ही दोघी मिळून पेपर काढणाऱ्याला नावं ठेवायचो. आता मार्क कमी पडले तर मला अपराधी वाटू लागलं.

पाकिटात वाईट काही नव्हतं. माझ्या वेळेची त्यांना जाण होती म्हणूनच ते आलं. तरी काहीतरी सरकलं खरं. आपल्या भाषेत 'भाव' मनातही असतो आणि बाजारातही, तेव्हा ही गल्लत जुनीच असणार.

तुमच्याकडे असं झालंय? नातं, छंद, सणवार, सेवा, काहीही चालेल. बिघडलं ते लिहा, सुधारलं तेही लिहा.

पाळणाघरवाली

मी अकरा वर्षं पाळणाघर चालवलं. संध्याकाळी मूल न्यायला उशीर करणारे तीन-चार पालक कायमचे. पण ते यायचे कसे? धापा टाकत, जिन्यातूनच "सॉरी ताई, सॉरी" करत. एकदा एक बाबा ऑफिसचं ओळखपत्र गळ्यात तसंच ठेवून धावत आले होते, ते उलटं होऊन पाठीवर लोंबत होतं.

मग कुणीतरी सुचवलं म्हणून मी उशिराचा दंड लावला. महिन्याभरात उशीर करणारे वाढले आणि धापा टाकणं बंद झालं. फोनवर बोलत बोलत शांतपणे यायचे, "बिलात लावून टाका" म्हणायचे. मी कंटाळून दंड काढला. पण गेलेलं सॉरी काही परत आलं नाही. मला वाटलं, माझंच काहीतरी चुकलं.

तळटीप

पाळणाघरताई, तुमचं काहीही चुकलं नाही. नेमका हाच प्रयोग इस्रायलमध्ये हैफा शहरातल्या 10 पाळणाघरांवर झाला होता. उरी ग्नीझी आणि आल्दो रुस्तिकिनी या दोन अर्थतज्ज्ञांनी तो 2000 साली प्रसिद्ध केला. दहा मिनिटांहून जास्त उशीर झाला की दर मुलामागे 10 शेकेल दंड ठेवला होता. उशीर करणारे जवळपास दुप्पट झाले आणि दंड काढल्यावरही आकडा खाली आला नाही. त्यांचं म्हणणं असं की आधी उशीर म्हणजे कुणाला तरी ताटकळत ठेवणं होतं. दंड लागल्यावर ती विकत घ्यायची सोय झाली, तीही स्वस्तात. दंड जबर असता तर कदाचित वेगळं घडलं असतं.

पाळणाघरवाली

जबर लावला असता तर पालकच गेले असते हो!

रात्रपाळी

माझा अनुभव उलटा आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

बाबा अंथरुणाला खिळले तेव्हा आम्ही तिघा भावंडांनी ठरवलं, बाहेरचं माणूस ठेवायचं नाही. आपल्या बाबांचं आपण करायचं. नातेवाईकांनी पाठ थोपटली. पहिले दोन महिने छान गेले. मग दरवाज्यामागच्या कॅलेंडरवर कुणी किती रात्री काढल्या याच्या खुणा दिसायला लागल्या. ताईच्या लाल, माझ्या निळ्या. धाकट्याच्या कमी होत्या, तर त्याने औषधांची बिलं त्याच खिळ्याला अडकवायला सुरुवात केली. म्हणजे पैसे मध्ये यायच्या आधीच हिशेब सुरू झाला होता. फक्त तो प्रेमाच्या नावाने चालला होता.

आठव्या महिन्यात ताई डोक्याला हात लावून बसली आणि आम्ही रात्रीसाठी एक मावशी ठेवल्या. काकांनी ऐकवलं, "बापाची सेवा विकत घेतलीत." फार लागलं ते.

पण मावशी बाबांची कूस बदलायच्या ते बघून मला कळलं की आम्ही आठ महिने त्यांना ओढत होतो. त्या आधी खांद्याखाली हात घालायच्या, दोन शब्द बोलायच्या आणि त्यांच्या श्वासाबरोबर वळवायच्या. आणि आमचं काय झालं, तर मी पुन्हा बाबांशी बोलायला लागलो. आधी त्यांच्या खोलीत शिरलो की डोळ्यांसमोर फक्त कामं यायची. मावशी आल्यावर मी त्यांना पेपर वाचून दाखवायचो, ते बातमीवर खेकसायचे. शेवटचे चार महिने आमची जी ओळख झाली ती त्या पगारामुळे झाली. काकांना हे कधी पटलं नाही. मीही समजवायला गेलो नाही.

मावशींचं स्वतःचं घर त्या रात्री कोण सांभाळत होतं, हे विचारायचं मला फार उशिरा सुचलं.

घडीव

रात्रपाळी, शेवटची ओळ वाचून थांबले. फुकट काम नेहमी कुणीतरी एकच करत असतं आणि त्यालाच आपण संस्कृती म्हणतो. आमच्या घरी ते काम माझं होतं.

माझं सांगते. मी क्रोशाच्या बाहुल्या करायची, ओळखीत वाटायची. सगळे "किती गोड" म्हणायचे. मग ऑनलाइन विकायला लागले. पहिला वाईट अभिप्राय अजून पाठ आहे: दोन तारे, "फोटोपेक्षा निळा फिका." फिकाच निळा मला हवा होता! पण पुढच्या वेळी मी गडद लोकर आणली. आता ॲपच सांगतं की या आठवड्यात कोणता प्राणी चालतोय. मी तो करते, माझ्यासारख्या हजारोजणी तोच करतात. माझ्या डोक्यातली तीन पायांची कोंबडी दोन वर्षं तशीच डोक्यात बसून आहे.

तरी कुणी म्हणालं की मग सोड, तर सोडणार नाही. माझ्या नावावर पैसे यायला लागल्यावर घरात माझं मत विचारायला लागले. "किती गोड"ने ते कधी झालं नव्हतं.

जाहिरातवाला

मी जाहिरातींच्या ओळी लिहितो. मदर्स डेच्या तर दर वर्षी. दोन वर्षांपूर्वी एका घरगुती उपकरणासाठी आईच्या हातांवर चार ओळी लिहिल्या होत्या, बाराव्या मसुद्यात पास झाल्या. त्या दिवशी सकाळी आईनेच त्या घरच्या ग्रुपवर टाकल्या, खाली लिहिलं, "कुणीतरी किती मनापासून लिहिलंय." उपकरणाचं नाव तिने कापून टाकलं होतं. मी हात जोडल्याचं चिन्ह टाकलं आणि गप्प बसलो.

हा दिवस अमेरिकेत ॲना जार्व्हिस यांनी सुरू केला. 1908 मध्ये आपल्या दिवंगत आईच्या आठवणीसाठी, आणि 1914 मध्ये त्याला सरकारी मान्यता मिळाली. पुढे छापील कार्डं आणि फुलांचे व्यापारी त्यात उतरले. ते बघून या बाई आपणच सुरू केलेल्या दिवसाविरुद्ध उरलेलं आयुष्य भांडत राहिल्या. 1948 मध्ये गेल्या. त्यांच्याशी माझी गाठ पडली नाही हे बरंच.

फिरती भेट

छोटासाच अनुभव. मी एका मावसभावाला दिलेला लॅम्प चार वर्षांनी तिसऱ्याच नातेवाइकाकडून मला भेट म्हणून आला. खोक्यात माझंच कार्ड, माझ्याच अक्षरात.

जोएल वॉल्डफोगेल नावाच्या अर्थतज्ज्ञाने 1993 मध्ये हिशेब मांडला होता की घेणाऱ्याच्या लेखी भेटीचं मोल देणाऱ्याच्या खर्चापेक्षा दहा टक्के ते एक तृतीयांशाने कमी भरतं. माझ्या लॅम्पचं किती भरलं असेल? आता तो माझ्याच टेबलावर आहे, उजेड चांगला पडतो.

ओ निगेटिव्ह

नेमाने रक्तदान करतो. एका शिबिरात दात्यांना घड्याळ मिळणार होतं. माझ्या पुढचे गृहस्थ ते बघून म्हणाले, "मी देण्यासाठी आलोय", आणि रक्त देऊन घड्याळ न घेताच निघून गेले. मला भारावल्यासारखं झालं. मागचा कॉलेजातला मुलगा पहिल्यांदाच आला होता, निव्वळ घड्याळासाठी. रिचर्ड टिटमस या ब्रिटिश समाजअभ्यासकाने 1970 मध्येच मांडलं होतं की रक्ताला पैसे मोजले तर देण्याची वृत्ती आटते. अलीकडच्या बऱ्याच प्रत्यक्ष प्रयोगांत मात्र छोट्या बक्षिसांनी दाते वाढलेले दिसतात. कोण बरोबर ते मला ठरवता येत नाही. तो मुलगा पुढच्या शिबिरात घड्याळ घालून आला होता, एवढं पाहिलं.

तळटीप

धागाकर्त्या ताई, पाकिटाचं पुढे काय झालं ते राहिलं की!

धागाकर्ती

परत करायला गेले तर तिची आई दुखावली. "आमचे पैसे नकोत का?" म्हणजे तिच्या बाजूने ते पाकीट वेळेचा मोबदला नव्हतंच. दीड वर्ष उपकार घेऊन ती अवघडली होती, हे मला तेव्हा कळलं. आता दर महिन्याला ॲपवरून येतात, सोबत एक बदाम.

भिंतीवरचं घड्याळ मी आतल्या खोलीत नेलंय. परवा मुलगी खुर्चीतून हळूच घसरून जमिनीवर आली, मांजर तिच्या वहीवर बसलं. आम्ही त्रैराशिकात बुडालेलो असताना फोन वाजला. मेसेज होता, "साडेसात झाले ना?"